कुंपणावरची कोरांटी

(मनन : मत्तय ६:२५-३४, लूक १४:१५-२४)





ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. आपल्या नागपुरात या दिवसांत पाऊस निरोप घेतो, दुपारचे ऊन पुन्हा चटके देऊ लागते आणि पावसाळ्यात माजलेले गवत पिवळे पडू लागते. नेमक्या याच वेळी एक काटेरी झुडूप फुलायला लागते आणि थंडीभर फुलत राहते. रस्त्याकडेच्या पडीक जागेत, शेताच्या बांधावर, जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला, टेकडीच्या मुरमाड उतारावर ते आपण अनेकदा पाहिले आहे. त्याचे नाव कोरांटी. कोणी काटेकोरांटी म्हणते, कोणी पिवळी कोरांटी, तर कोणी वज्रदंती. अबोली आणि अडुळसा ही त्याच्या कुळातलीच मंडळी. आजच्या मननासाठी आम्ही हेच झुडूप निवडले आहे.

कोणी म्हणेल, प्रवचनात झुडपाचे काय काम? बंधू-भगिनींनो, डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने स्वतःच आपल्याला रानफुलांकडे नेले आहे. रानातली फुले कशी वाढतात ते नीट लक्षात घ्या, असे तो शिष्यांना सांगतो. ती कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत, तरी शलमोन राजाला त्याच्या सगळ्या वैभवातही त्यांच्यासारखा पोशाख मिळाला नव्हता, असे तो म्हणतो. प्रभू राजाच्या बागेतील फुलाचे उदाहरण देत नाही. ज्याला कोणी पाणी घातले नाही, जे आज आहे आणि उद्या भट्टीत जाणार आहे, अशा रानातल्या गवताचे तो उदाहरण देतो. आणि तो नुसते पाहा असे सांगत नाही, लक्षात घ्या असे सांगतो. तेव्हा त्याच्या आज्ञेप्रमाणे आज कोरांटीकडे थोडे निरखून पाहू या.

काटा आणि फूल

कोरांटी साधारण कमरेइतकी, फार तर छातीइतकी वाढते. फूल शुद्ध पिवळे, काही ठिकाणी केशरीकडे झुकणारे. खाली नळी आणि वर पाच पाकळ्या, त्यांतल्या चार वरच्या बाजूला आणि एक खाली वेगळी. दोन पुंकेसर फुलाबाहेर डोकावतात. फूल इतके नाजूक, की तोडले की लवकर मलूल होते. आणि या नाजूक फुलाच्या भोवती काय आहे? पानाच्या बेचक्यात तीन, चार, कधी पाच लांब अणकुचीदार काटे. फुलाला हात लावायला गेलेला माणूस एकदा तरी बोट टोचून घेतोच.

पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. काटा ज्या बेचक्यातून येतो, त्याच बेचक्यातून फूलही येते. दोघांसाठी वेगवेगळ्या फांद्या नाहीत.

आपल्या घरांचेही असेच नाही का? ज्या घरात लग्नाचा आनंद आहे, त्याच घरात खाटेवर पडलेले वडील आहेत. ज्या मुलाच्या नोकरीचा अभिमान वाटतो, तोच मुलगा दूरदेशी असल्यामुळे आई संध्याकाळी एकटी जपमाळ हाती घेते. आपण देवाला म्हणतो, प्रभू, फूल राहू दे आणि काटा काढून घे. संत पौलानेही हीच प्रार्थना केली होती. आपल्या शरीरातल्या काट्याविषयी त्याने प्रभूला तीनदा विनवले, असे तो करिंथकरांना सांगतो (२ करिंथ १२:७-९). काटा निघाला नाही. मात्र प्रभूची कृपा पुरेशी आहे, हे उत्तर त्याला मिळाले. आणि पौलाचे सुवार्तेचे कार्य त्या काट्यासकट बहरले.

पवित्र शास्त्रात काटे पहिल्यांदा येतात ते आदामाच्या पापानंतर. भूमी तुला काटे देईल, असे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव त्याला सांगतो. त्या शापाचे काटे शेवटी कोणाच्या मस्तकावर गेले? आपल्या प्रभूच्या. म्हणून ख्रिस्ती माणसाला काटा म्हणजे देवाने टाकून दिल्याची खूण वाटत नाही. त्या वाटेने आपला प्रभू आपल्या आधी गेला आहे, एवढे तो जाणतो.

उन्हाळ्यात कोरांटी कुठे असते?

नागपूरचा मे महिना आपल्याला कोणी शिकवायला नको. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कूलरचे पाणी संपते, संत्र्याच्या बागा पाण्यासाठी तळमळतात. तेव्हा कुंपणावरची कोरांटी पाहिली तर ती मेली असे वाटेल. पाने झडलेली, उरलेल्या फक्त काड्या आणि काटे. एखादा नवीन माळी ती उपटायला जाईल.

परंतु कोरांटी एका मोसमाचे झाड नाही. ती बहुवर्षायू आहे. तिचे सोटमूळ खोल जाते आणि त्याला आजूबाजूला उपमुळे फुटतात. जमिनीवर जे दिसत नाही, ते जमिनीखाली टिकून असते. मृगाचे चार पाऊस पडले, की त्याच काड्यांना हिरवे कोंब येतात.

आपल्या श्रद्धेच्या आयुष्यातही असा मे महिना येतो. प्रार्थनेत मन लागत नाही. मिस्साला येतो, पण प्रवचन कानावरून जाते. घरातल्या एखाद्याने तर अनेक वर्षांत चर्चची पायरी चढलेली नसते. तो संपला, त्याचा विश्वास गेला, असा निकाल देण्याची घाई आपण करू नये. लहानपणी आईने शिकवलेला ‘नमो मरिये’, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा दिवस, आजीच्या हातची क्रूसाची खूण, ही मुळे खोल असतात. पाऊस पाडणारा देव आहे. आपण उपटून टाकायला धावू नये, इतकेच आपल्या हातात आहे.

तिच्या बियांची रीतही मजेदार आहे. फळ म्हणजे चोचीसारखे टोक असलेली लहान बोंडी. आत फक्त दोन बिया. बोंडी तडकली की बिया जोराने दूर उडतात. बीवर बारीक लव असते. ती ओली झाली की चिकट होते आणि बी मातीला धरून बसते. फक्त दोन बिया! आपल्याकडे फार काही नाही, आपण काय सेवा करणार, असे म्हणणाऱ्यांनी या बोंडीकडे पाहावे. दोनच बिया असल्या तरी त्या आईच्या पायाशी साठवायच्या नसतात, दूर टाकायच्या असतात.

नावातला धर्मगुरू

कोरांटीचे शास्त्रीय नाव ‘बार्लेरिया प्रायोनायटिस’. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली ते छापले. यातला दुसरा शब्द करवत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. तो अर्थातच काट्यांमुळे. पहिला शब्द मात्र एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

फादर झाक बारेलिए यांचा जन्म १६०६ साली पॅरिसमध्ये झाला. वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. संघाच्या कामासाठी त्यांना फ्रान्स, स्पेन आणि इटलीत फिरावे लागे. त्या वाटांवर ते वनस्पती गोळा करीत, त्यांची वर्णने लिहीत, चित्रे काढून घेत. १६७३ साली त्यांना देवाज्ञा झाली. पुढे त्यांची हस्तलिखिते आगीत नष्ट झाली. आयुष्यभराचे लेखन गेले! पण चित्रांचे तांब्याचे ठसे वाचले होते. त्यांवरून १७१४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, आंत्वान द ज्युस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. फादर बारेलिए यांचे नाव या वनस्पतींना दिले तेही एका धर्मगुरूनेच, मिनिम संघाचे फादर शार्ल प्ल्युमिए यांनी. आणि या फादर प्ल्युमिए यांचे नाव कशाला मिळाले? चाफ्याला. ‘प्लुमेरिया’ म्हणजे तोच चाफा, जो चर्चच्या आवारात आणि दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले ढाळतो.

प्रभूसाठी केलेले काम जळून गेले असे वाटते, तेव्हा या बारेलिए फादरांना आठवावे. कोणता ठसा देव राखून ठेवील, ते आपल्याला ठाऊक नसते.

आपल्या देशातली जुनी नावेही सुंदर आहेत. संस्कृतात कोरांटीला कुरंटक आणि सैरेयक म्हणतात. आणखी एक नाव आहे, सहचर. सहचर म्हणजे सोबत चालणारा. दातदुखीवर, हिरड्यांसाठी तिची पाने आणि मुळे फार पूर्वीपासून वापरात आहेत. म्हणून तर वज्रदंती हे नाव पडले, आणि दंतमंजनाच्या जाहिरातींनी ते घरोघरी पोहोचवले. (औषध मात्र वैद्याला विचारूनच घ्यावे.) वाटेच्या कडेला उभे राहून उपयोगी पडणाऱ्या झुडपाला आपल्या पूर्वजांनी सोबती म्हटले. अम्माऊसच्या वाटेवर दोन दुःखी शिष्यांबरोबर जो अनोळखी माणूस चालू लागला, तोही सुरुवातीला कोणाच्या ओळखीचा नव्हता. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले.

कुंपणाजवळ कोण उभे आहे?

आता कोरांटीच्या जागेकडे वळू. लोक तिला बागेच्या मध्यभागी लावत नाहीत. मध्यभागी गुलाब, मोगरा, आणि आता नर्सरीतून आणलेली नवनवीन शोभेची झाडे. कोरांटी कुंपणाला. काट्यांमुळे गुरे सहसा तोंड लावत नाहीत, पाणी फारसे मागत नाही, पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते. काम करते, पण आत तिला जागा नसते.

प्रभू येशूने मोठ्या मेजवानीचा दाखला सांगितला, तो आठवा. आमंत्रितांपैकी एकाने शेत विकत घेतले होते, दुसऱ्याने बैलांच्या जोड्या, तिसऱ्याचे नुकते लग्न झाले होते. कोणी आले नाही. तेव्हा धन्याने चाकराला आधी शहराच्या गल्लीबोळांत पाठवले आणि मग रस्त्यांवर व कुंपणांजवळ जाऊन तिथल्या लोकांना आग्रहाने आत आणायला सांगितले. घर भरले पाहिजे, ही धन्याची इच्छा होती. बघा, देवाच्या मेजवानीचे शेवटचे पाहुणे कुंपणाजवळ सापडतात.

आपल्या धर्मग्रामाच्या कुंपणाजवळ कोण आहे? मिस्सा सुरू झाल्यावर येऊन शेवटच्या बाकामागे उभे राहणारे आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जाणारे कोण आहेत? आपल्या घरी भांडी घासणाऱ्या ताई, बांधकामावर दुसऱ्या राज्यातून आलेला ख्रिस्ती मजूर, रात्रपाळी करून थेट मिस्साला येणारा सुरक्षारक्षक, एकट्या राहणाऱ्या विधवा आजी, घर मोडलेली बहीण, जिच्याविषयी आपण कुजबुजतो. यांच्यातल्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? चर्चच्या सणाची जेवणावळ ठरते, तेव्हा यांना पंगतीत बसवतो की वाढायला उभे करतो?

आपल्या शहराचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी १६०९ साली ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा बागेच्या भाषेत मांडला. देवाने सृष्टीच्या आरंभी प्रत्येक झाडाला आपापल्या जातीचे फळ द्यायला सांगितले. तसेच ख्रिस्तसभेच्या जिवंत रोपांनी आपापल्या स्थितीप्रमाणे भक्तीचे फळ द्यावे. सरदाराची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी. चाकराची, विधवेची, लग्न झालेल्या स्त्रीची, प्रत्येकाची वेगळी. कोणाचीही भक्ती कमी प्रतीची नाही. त्यांच्या नावाचा वारसा सांगणाऱ्या मिशनऱ्यांनी आपल्या मध्य भारतात सुवार्तेचे बी पेरले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५३ साली महाधर्मप्रांत. त्यांनी आपल्या पूर्वजांना रस्त्यावरून आणि कुंपणाजवळूनच बोलावले होते, हे आपण विसरू नये. आत आलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार लावू नये.

बागेतला न नांगरलेला कोपरा

शेवटी एक साधी, हातात घेण्यासारखी गोष्ट.

दोन नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन येतो. त्याआधी दफनभूमीची साफसफाई होते. चर्चच्या आवाराचीही होते. चांगलीच गोष्ट आहे. पण स्वच्छता म्हणजे जे जे आपोआप उगवले ते ते खरडून काढणे, असे समीकरण झाले आहे. त्याच्या जोडीला सगळ्या आवारात गट्टू बसवावेत, चिखल नको, गवत नको, अशी सूचनाही अधूनमधून कानी येते. गाड्या उभ्या करायला सोय हवी, वयस्कर माणसांचा पाय घसरू नये, हे म्हणणे रास्त आहे. चालायच्या वाटेवर गट्टू असावेत. पण इंचन् इंच झाकायलाच हवा का?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. माणसे दगावली, संसार भिजले. कारणे अनेक होती. पण सिमेंटखाली गेलेली जमीन पाणी पीत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि आपल्या आवारातून वाहून गेलेले पाणी उताराकडे जाते. उतारावर कोणाची घरे असतात, तेही आपल्याला माहीत आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा पावसाच्या पाण्यालाही लागू होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ हे विश्वपत्र लिहिले. त्याच्या बाराव्या परिच्छेदात ते असिसीच्या संत फ्रान्सिसची एक आठवण देतात. मठाच्या बागेचा एक भाग मशागत न करता तसाच ठेवावा, म्हणजे तिथे रानफुले आणि औषधी उगवतील, आणि ती पाहणाऱ्याचे मन त्यांच्या निर्मात्याकडे जाईल, असे संत फ्रान्सिस सांगत असत. आठशे वर्षांपूर्वीचा तो गरीब साधू! भाजीपाला पिकवायला जागा हवीच होती. तरी एक कोपरा त्याने देवाच्या मर्जीवर सोडला.

म्हणून आमची धर्मग्रामाला नम्र सूचना आहे. आवाराच्या भिंतीलगत आणि दफनभूमीच्या कडेला एक पट्टा मोकळा ठेवू या. गाजरगवत मात्र जरूर उपटावे. ते परदेशातून आले, त्याने अंगाला खाज सुटते, दमा वाढतो. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट काढावे. पण ओळख करून घेतल्याशिवाय विळा चालवू नये. शेतातल्या निदणाच्या दाखल्यात धनी चाकरांना थांबवतो, ते यासाठीच, की निदण काढताना गहूही उपटला जाईल. कोरांटीच्या पानांवर लेमन पॅन्सी नावाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. आपण झुडूप काढले, की पुढच्या वर्षी ते फुलपाखरू का दिसत नाही, हे लेकरांना सांगता येणार नाही.

ज्यांना घरी कोरांटी लावायची असेल, त्यांनी पावसाळ्यात फांदी खोचावी. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा एवढेच तिला हवे. छाटणी बहर सरल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी करावी. पावसाळ्याच्या अखेरीस छाटली, तर त्या वर्षीची फुले जातील. लहान मुले जिथे खेळतात तिथे लावू नये. आणि हेही लक्षात असावे, की प्रत्येक झाड आपल्या जागी शोभते. हीच कोरांटी शोभेसाठी उत्तर ऑस्ट्रेलियात नेली, तर तिथे ती बागेबाहेर पसरली आणि तणाच्या यादीत गेली. देवाने दिलेल्या जागेत ती आशीर्वाद आहे. आपले गुण आणि आपला अधिकार यांचेही तसेच असते.

या जपमाळेच्या महिन्यात पवित्र मरियेच्या चरणी फुले वाहताना एखाद्या संध्याकाळी बाजारातल्या हारासोबत कुंपणावरची चार कोरांटीची फुले वाहा. तोडताना बोट टोचेल. तेव्हा शेवटच्या बाकामागे उभ्या असणाऱ्या एका माणसाचे नाव घेऊन एक ‘नमो मरिये’ म्हणा. नाव माहीत नसेल, तर येत्या रविवारी मिस्सानंतर त्याला ते विचारा. चहाच्या टेबलाजवळ त्याला स्वतः घेऊन या. दाखल्यातल्या धन्याने चाकराला आग्रह करायला सांगितले होते, हे विसरू नका.

आपण प्रार्थना करू या :

हे स्वर्गीय पित्या, रानातल्या फुलांना तू पोशाख देतोस आणि कुंपणाजवळच्या माणसाला मेजवानीला बोलावतोस. आमच्या काट्यांसकट आमचा स्वीकार कर. उन्हाळ्यात आमची मुळे जिवंत ठेव. आमच्या हातात असलेल्या दोन बिया दूरवर टाकण्याचे धैर्य दे. आमच्या आवारात आणि आमच्या अंतःकरणात तुझ्यासाठी एक कोपरा मोकळा राहू दे. आमच्या दिवंगतांना तुझ्या घरी चिरंतन विश्रांती दे. हे आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.